मर्डोच्या मेलची फाइल

इन्व्हरकार्गिल, २ जून

मर्डो,

बाबांची बोट तू मला न विचारता विकलीस, त्याच दिवशी मी कॉम्प्युटरला सांगून ठेवलं, की तुझा मेल आला की मला न दाखवता जुन्या मेलच्या फाइलीत टाकायचा. तुला हे कधी कळलं नाही.

परवा तुला मातीत ठेवून आल्यावर तुझी आयोना म्हणाली, "आत्या, बाबांची पत्रं दाखव ना." ती फाइल माझ्याच्यानं उघडेना. तिनं कॉम्प्युटरमधल्या फाइल मॅनेजरला अशा फाइली वाचणारी कसलीशी जोडणी बसवली आणि फाइल साध्या फोल्डरसारखी उघडली. नऊ वर्षांचे सगळे मेल ठळक अक्षरांत.

"ठळक म्हणजे न वाचलेले," असं म्हणून ती चहा टाकायला उठून गेली. शहाणी आहे, तुझ्यावर गेली नाही.

दर मार्चला, कालवांचा हंगाम सुरू झाला की, तुझी एकच ओळ: "कालवांची पिशवी मागच्या दाराशी ठेवलीय." आणि मी समजत होते, शेजारचा डग ठेवतो! दर वर्षी त्याला आल्याचा केक नेऊन दिला. पठ्ठ्यानं नऊ केक खाल्ले, पण खरं काही सांगितलं नाही.

यंदाच्या मेलमध्ये मात्र आणखी एक ओळ होती: "डग म्हणतो, केक झकास असतो. माझाही एक तुकडा ठेव, ताई."

या जोडणीतून नुसतं वाचता येतं, उत्तर देता येत नाही. आज केक केलाय. डगला दिलेला नाही.

तुझी हट्टी ताई,
ग्लेनिस