पस्तीस अंशांचा कोन

दि. ९ नोव्हेंबर

चि. ठमाबाईस,

आशीर्वाद, घेणार असलीस तर. फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. आईची तब्येत बरी आहे, माझ्याशी जेवणापुरतं बोलते. हा लिफाफा तुझ्याआधी आत्या उघडणार, तेव्हा तिलाही नमस्कार.

आधी माझी तक्रार ऐक. तू गेल्यावर म्हटलं, पोरगी सांगते तर फोनवर हिशोब करून बघू. साइनचं बटण हवं तर फोन आडवा करा. आडवा केला, आकडा गेला. पुन्हा टाकला, तर वर गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात. ती घालवायची फुली मुंगीएवढी, माझ्या बोटाला ग्रीस. फुली राहिली बाजूला, तेलच मागवलं गेलं! वर तो विचारतो, 'ॲप आवडलं? पाच तारे द्या.' अरे, तू आधी मला एक साइन दे!

कॉम्प्युटरचं तर विचारूच नकोस. 'अपडेट होत आहे, कृपया बंद करू नका.' मी काय बंद करणार? त्यानेच अख्खं वर्कशॉप बंद पाडलं. वेल्डरमामा म्हणाला, "मालक, चहा सांगू? याची आंघोळ आटपायला वेळ आहे."

माझा कॅलक्युलेटर बावीस वर्षं टिकलाय. पडला, तेलात बुडाला, एकदा ग्राइंडरखाली जाता जाता वाचला. बटण दाबलं की बोटाला कळतं, दाबलं. मी सातवी नापास, पत्र्याचं कात्रण झाडायला लागलेला माणूस. म्हाताऱ्या फोरमनने असल्याच बटणांवर मला त्रिकोण शिकवला. त्यामुळे तू "बाबा, तो आता संग्रहालयात द्या" म्हणालीस, तेव्हा मला वाटलं, मलाच पोचवायला निघालीस.

असो. हे सगळं मी त्या हॉपरचं लिहायला नको म्हणून लिहितोय, हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

आत्यासाठी सांगतो. हॉपर म्हणजे पत्र्याचं भलंमोठं नसराळं. वरून दाणे टाकायचे, खालच्या यंत्रात पडतात. पशुखाद्याच्या कारखान्याचं काम होतं. वरचं तोंड बाराशे मिलिमीटर, खालचं दोनशे, बाजू मधल्या रेषेपासून पस्तीस अंश कललेली. त्या तिरक्या बाजूची लांबी पोरीच्या कॉम्प्युटरने काढली आठशे बहात्तर, माझ्या कॅलक्युलेटरने नऊशे सत्तावन्न. ती म्हणाली, "बाबा, पुन्हा करून बघा." मी तीनदा केलं, तिन्ही वेळा तेच आलं. मग सगळ्या कामगारांसमोर मी तिचा आकडा खोडला, माझा लिहिला आणि पत्रा कापायला दिला. ड्रॉइंगखाली सही मात्र तिचीच राहिली.

हॉपर चार इंच जास्त उंच झालं, स्टँडमध्ये बसेना. मॅनेजरने ड्रॉइंग मागितलं, सही बघितली आणि म्हणाला, "तरीच! पोरीच्या हाती दिलंत होय?" त्यांच्या नव्या प्लांटची सगळी ड्रॉइंग्ज तुला मिळणार होती, तुझं स्वतःचं पहिलं काम. तेही त्याने तिथल्या तिथे थांबवलं.

मी तुला सांगितलं, मशीन चालू होती, तो काय म्हणाला ते मला ऐकूच आलं नाही. ठमे, पत्र्यावर टिचकी मारून वेल्ड कुठे कच्चं आहे ते ओळखणारा माणूस मी. मला ऐकू येणार नाही? शब्दन् शब्द ऐकला आणि गप्प बसलो.

मग एके दिवशी एका कोपऱ्याचा जोड काढायचा होता. साधा पंचेचाळीस अंश. टॅन पंचेचाळीस म्हणजे एक, हे मला झोपेतही येतं. कॅलक्युलेटर म्हणाला, शून्य पॉइंट पंच्याऐंशी. मी चष्मा लावला. पडद्याच्या वरच्या कडेला मोहरीएवढं अक्षर असतं, तिथे डीऐवजी जी होता. अंशांऐवजी ग्रेड, म्हणजे काटकोनाचे नव्वदऐवजी शंभर भाग. उभ्या जन्मात कुणी वापरलेले पाहिले नाहीत. थिनरच्या फडक्याने बटणं पुसली होती, तेव्हा दाबलं गेलं असणार. पस्तीस अंश म्हणून मी साडेएकतीस अंशांवर पत्रा कापला होता.

बिचाऱ्या यंत्राने सांगितलं तेच केलं. चष्मा त्या दिवशीही खिशात होता. तू समोर उभी होतीस, म्हणून लावला नाही.

हे परवा कळलं असं लिहिणार होतो. खोटं कशाला? सोळा दिवस झाले.

काल मॅनेजरकडे गेलो. म्हटलं, "पोरीचा आकडा बरोबर होता. खोडला तो मी."

"मग त्या दिवशी का नाही बोललात?"

"लाज वाटली."

त्याने फायलीतून ड्रॉइंग काढलं, उजेडात धरून रेघेखालचा आठशे बहात्तर वाचला. तो काही भला माणूस नाही, माफीबिफी मागितली नाही. म्हणाला, "दुसऱ्या एकाशी बोलणं चाललंय. गुरुवारी अकराला तिला पाठवा. तुम्ही येऊ नका."

बाहेर वेल्डरमामा म्हणाला, "मालक, आज पहिल्यांदाच तुम्हाला कुणी 'येऊ नका' म्हटलं आणि तुम्ही हसताय."

तुझ्या वतीने मी हो म्हटलेलं नाही. मॅनेजरचा नंबर मागच्या बाजूला आहे. जायचं की नाही, तुझं तू ठरव. गेलीस तर काम तुझ्या नावावर घे, वर्कशॉपच्या नको. इथे परत यायची अट नाही. आणि कॅलक्युलेटर मी सोडणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवतो. एवढ्या गोष्टी कबूल केल्या, ही करणार नाही.

मघाशी आईने विचारलं, "एवढं काय लिहिताय?" म्हटलं, कामगारांसमोर बोलायला हवं होतं ते. ती म्हणाली, "मग आधी त्यांच्यासमोर बोला." तेव्हा लिफाफा बंद करून तिकडेच निघालोय. सगळे असतील आत्ता.

तुझा, आणि चुकलेला,
बाबा