कम देगलूर

४ जानेवारी
पेपरात बातमी. जपानी कंपनी पंपाच्या कारखान्याला मराठवाड्यात जागा शोधून राहिली. हैदराबाद रोडला लागून आपला सात एकर माळ रिकामा. तीन राज्यं हाकेवर. जपान्यांना नकाशा वाचता येत असेल तर विषय संपला. कंपनीला मेल टाकला. विषय इंग्रजीत : ‘कम देगलूर.’

५ जानेवारी
उत्तर आलं! कालच, मेल गेल्यावर एका मिनिटात; पाहिलं आज. ‘थँक यू. डू नॉट रिप्लाय.’ किती नम्र लोक. मला पुन्हा टायपिंगचा त्रास नको म्हणून.
प्रियदर्शनीला फोन. लेक चाकणला इंजिनिअर, महिन्यातून एकदा घरी येते. म्हटलं, राजीनामा दे, याच कंपनीत लाग, घरचा डबा खा. ती म्हणाली, बाबा, माळावर पाणी हाय का? म्हटलं, कारखाना आला की पाणी मागून येतं. नेटवर्क गेलं.

२० जानेवारी, सकाळी ७
वाकून नमस्कार करण्याचा सराव. कंबर धरली. रेणुका म्हणाली, “कंपनी आली न्हाई अन् तुम्ही आत्तापासून वाकून राहिले.” बायकोला इंडस्ट्री कळत नाही.

२ फेब्रुवारी
शेजारचा बसवंत शेळ्या चारायला माळ मागत होता. स्पष्ट नकार. इंडस्ट्रियल झोनमध्ये शेळ्या शोभत नाहीत.

१८ फेब्रुवारी
टीम आली! नांदेडहून हैदराबादला जाताना तीन गाड्या बरोबर आपल्या माळापाशी थांबल्या. दोन जपानी साहेब उतरले, बाभळीमागं गेले, आमच्याकडं पाठ करून दोन मिनिटं उभे. जमिनीची प्रत्यक्ष चाचणी. तीही दोन वेगवेगळ्या ठिकाणी!
शाल-श्रीफळ दिलं. मी वाकलो, तेही वाकले. दुभाषी म्हणाला, साहेबांना लई बरं वाटलं. म्हणजे फायनल.

११ एप्रिल
कंपनी तामिळनाडूत गेली. म्हणे बंदर जवळ. समुद्राचा एवढा काय सोस?
प्रियदर्शनीला कसं सांगावं? माझ्या शब्दावर पोरीनं राजीनामा दिला असला तर?

१२ एप्रिल
दिलाय. त्याच कंपनीत लागली. आधीच अर्ज केला होता, चांगली पोस्ट मिळाली. म्हणाली, “बाबा, तुम्हीच म्हणलात ना, याच कंपनीत लाग.”
हाव, म्हणलो होतो खरं.

३० एप्रिल
पोरगी आज तामिळनाडूत पोचली. आता दिवाळीलाच येणार. चार दिवस सुट्टी, तीन दिवस गाडीत. म्हटलं, उगं दगदग करू नको, राहू दे.
फोन ठेवला. मग म्हणालो, ये.