काटा एकशे चारवर

३ जानेवारी
आज चढावर गाडी जोरात हाणली. तेलाच्या तापमानाचा काटा एकशे चारवर! माणसाला एकशे चार ताप आला की आपण कपाळावर पट्ट्या ठेवतो. इंजिनाला कपाळही नाही. कन्या म्हणाली, तापाचा आकडा फॅरनहाइटमध्ये असतो, गाडीचा सेल्सिअसमध्ये. मला माहीत आहे. मी शाळेत भौतिकशास्त्रच शिकवतो. भावना समजून घे म्हणालो.

पंचवीस तारखेला ट्रॅक-डे, म्हणजे फी भरून शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायचा दिवस. कन्येला शेजारी बसवून पाच फेऱ्या मारायच्या. ती चौथीत असताना कबूल केलं होतं. तेव्हा गाडी नव्हती, मग गाडी आली तर ट्रॅक नव्हता, मग माझा गुडघा दुखत होता. अठ्ठावीसला ती नोकरीसाठी परगावी चालली. आता राहिलं तर राहिलंच.

संकल्प: फक्त तेल बदलायचं. बाकी कशालाही हात लावायचा नाही.

५ जानेवारी
गाडीच्या पुस्तिकेत पातळ तेल सांगितलंय. पुस्तिका सर्वसामान्यांसाठी असते. गाडीवाल्यांच्या ग्रुपवरचे टर्बोतात्या (खरं नाव कोणाला ठाऊक नाही, पण शेवटचा शब्द त्यांचाच) म्हणतात, दाट घ्या.

शास्त्रीय पद्धतीने जायचं ठरवलं. दोन्ही तेलं छोट्या बाटल्यांत भरून फ्रीजरमध्ये ठेवली. पातळ लगेच वाहिलं. दाट जागचं हललंही नाही. खंबीर तेल आहे. तेच घेतलं.

ही म्हणाली, स्वयंपाकाला कुठलं तेल आणू असं विचारलं की मी 'कुठलंही' म्हणतो. विषयांतर.

९ जानेवारी
सकाळी इंजिन सुरू होताना कण्हतं. होईल सवय.

चढावर काटा एकशे तीन. म्हणजे दिशा बरोबर आहे, फक्त नेट हवा. ऑइल कूलर मागवला. लहान आकार शहरासाठी, मधला हौशी लोकांसाठी, मोठा शर्यतीच्या ट्रकसाठी, असं वेबसाइटवर लिहिलं होतं. मोठा मागवला. कमी पडायला नको.

१३ जानेवारी
कूलर आला. खोकं आडवं करून दारातून आत घ्यावं लागलं. नवा फ्रीज का, असं हिने फार आशेने विचारलं. खोकं फेकायचं नाही असं सगळ्यांना बजावलं. वॉरंटी असते.

मेकॅनिकने विचारलं, जोडणी थर्मोस्टॅटवाली की साधी? थर्मोस्टॅट म्हणजे तेल पुरेसं गरम होईपर्यंत त्याला कूलरकडे जाऊ न देणारी झडप. टर्बोतात्यांच्या मते तेलाला अडवणं म्हणजे इंजिनाचा गळा धरणं. साधी घेतली. मेकॅनिक 'गाडी तुमची' एवढंच म्हणाला. त्याला पटलेलं दिसलं.

१७ जानेवारी
कूलर बसला! त्याच्यासाठी हॉर्न दुसरीकडे हलवावा लागला. आता सर्दी झालेल्या बकरीसारखा वाजतो. काच धुण्याच्या पाण्याची टाकी काढावी लागली. ट्रॅकवर काचा धुवत कोण बसतं? एसीचं काम तात्पुरतं राहिलंय. नाहीतरी थंडीच आहे.

नववीला आज उष्णतेचा धडा. फळ्यावर कूलरचं चित्र काढलं. तास संपला, चित्र संपलं नाही.

१९ जानेवारी
एकट्या इंजिनाचे लाड का? ब्रेक फ्लुइड, कूलंट, गिअरबॉक्सचं तेल, सगळं शर्यतीचं घातलं. सकाळी दुसरा गिअर पडत नाही. पहिल्यावरून थेट तिसरा टाकतो. वेळही वाचतो.

कन्येने विचारलं, फेऱ्यांचं नक्की आहे ना? म्हणजे काय, म्हणालो. संध्याकाळी पाहिलं तर तिने माळ्यावरून छोटं हेल्मेट काढून पुसून ठेवलेलं. मी तेव्हाच आणून ठेवलं होतं, चौथीत. डोकं वाढतं हे डोक्यात आलं नव्हतं. ते गाडीच्या मागच्या सीटवर नेऊन ठेवलं.

२२ जानेवारी
यश! तोच चढ, तोच वेग, काटा अठ्ठावन्न! टर्बोतात्यांनी अंगठा पाठवला.

डॅशबोर्डवर ठळक अक्षरांत नियम चिकटवला: 'तेल ऐंशी अंश झाल्याशिवाय गाडी पळवायची नाही.' थंड तेलावर पळवलं तर इंजिन झिजतं. कन्येने आधी काटा पाहिला, मग नियम पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. मुलांना शिस्तीचं अप्रूप वाटतं, दाखवत नाहीत.

२५ जानेवारी, सकाळी
ट्रॅकवर पोचलो. कन्या शेजारी. ही डबे घेऊन मागून तिच्या छोट्या गाडीतून. कडाक्याची थंडी. आमचा नंबर अर्ध्या तासाने. काटा एक्कावन्न.

पार्किंगमध्ये फेऱ्या मारून तेल तापवतोय. हे थांबून लिहितोय. काटा त्रेपन्न. मनासारखं चाललंय.

दुपारी
एकोणसाठच्या वर गेला नाही. आमचा गट निघून गेला. ट्रॅकवरच्या साहेबांना म्हणालो, दहा मिनिटं द्या. त्यांनी दिली. एकसष्ट. कन्या म्हणाली, बाबा, जाऊ या ना तसेच, हळू चालवा. मी नियमाकडे बोट दाखवलं. ती खिडकीबाहेर बघत बसली. चौथीतही अशीच बसायची.

टर्बोतात्या भेटले. स्कूटरवर आले होते. गाडी पूर्वी होती, म्हणाले. मॉडेल सांगेनात.

शेवटी साहेबांनी विचारलं, तुमची जागा रिकामीच जाणार का? ही डबे उघडत होती. म्हणाली, फी भरलीय, वाया कशाला घालवायची? हिने माझं हेल्मेट घातलं, कन्येने टर्बोतात्यांचं, आणि निघाल्या. पाच फेऱ्या. मागच्या सीटवर डब्यांची पिशवी.

प्रत्येक फेरीला दोघींचं ओरडणं ऐकू यायचं. हसत होत्या. हिला वळणं कापता येतात हे मला ठाऊक नव्हतं. तिच्या गाडीत तेलाच्या तापमानाचा काटाच नाही, त्यामुळे ही बिनधास्त चालवू शकते.

वाईट वाटलं. खूप वाटलं. तेरा वर्षं मी ते चित्र बघत होतो, त्यात शेजारच्या सीटवर ती होती आणि स्टिअरिंगवर मी.

डोळ्यांत टायरचा धूर गेला. नंतर लक्षात आलं की हिच्या गाडीने धूर केलाच नव्हता.

संध्याकाळी, घरी
येताना कन्या माझ्या गाडीत बसली. आईच्या गाडीत एसी आहे, धड हॉर्न आहे, दुसरा गिअरही आहे. तरी माझ्याच गाडीत बसली. निघण्याआधी तिने डिकीत मी घडी करून ठेवलेलं कूलरचं खोकं काढलं (वॉरंटी!), फाडून पुठ्ठा केला आणि बंपरच्या आत कूलरसमोर, वारा अडेल असा, घट्ट खोचला. मग छोटं हेल्मेट टोपीसारखं डोक्यावर ठेवलं आणि म्हणाली, चला.

हमरस्त्याला लागलो. ही पुढे, आम्ही मागे. काटा ऐंशीला पोचला, मी नियम फाडून टाकला. नव्वदला दुसरा गिअर पडला. हिला गाठायचा प्रयत्न केला, जमलं नाही. बकरीसारखा हॉर्न दिला. हिने आरशात बघून हात हलवला. कन्या इतकी हसली की हेल्मेट मांडीवर पडलं.

घराजवळच्या चढावर काटा स्थिर झाला. इंजिन लोण्यासारखं पळत होतं. कन्येने वाकून आकडा वाचला. एकशे चार.

तिने विचारलं, बाबा, हे सगळं बसवायच्या आधी किती असायचं?

आता आठवत नाही, म्हणालो.