बाबांचे दोनशे शेअर

२५ जुलै १९९१

काल बजेट. बाबा रेडिओला कान लावून बसले होते. गॅस महाग, साखर महाग, पेट्रोल महाग. रुपया महिन्याच्या सुरुवातीलाच उतरवलाय. देशाने सोनं विमानात घालून परदेशात गहाण टाकलं! आईला सांगितलं तर म्हणाली, "मग माझ्या पाटल्यांचंच तेवढं काय रडत बसायचं."

ऑफिसात सकाळपासून एकच — "नीलिमा, कुठला घ्यायचा?" मी बाबांच्याच कारखान्यात फॅक्टरी मॅनेजरची स्टेनो, म्हणून सगळ्यांना वाटतं बाजाराची आतली बातमी माझ्या टाइपरायटरमधून जाते. जाते कसली! साहेबांनी टाकून दिलेला आदल्या दिवशीचा पेपर वाचते, एवढंच. सरकारलाच बहुमत नाही, ते दिवाळी बघेल की नाही माहीत नाही, आणि मी सांगायचं कुठला घ्या! औषधाची कंपनी घ्या म्हटलं. कुठल्याही सरकारात लोक आजारी पडतातच.

बाबांचं शास्त्र वेगळं. रिटायर होऊन वर्ष झालं, तरी दुपारी साडेतीनला अंबरनाथच्या एमआयडीसीत चक्कर ठरलेली. पाळी सुटताना एखाद्या गेटवर उभं राहायचं, ओळखीचा माणूस गाठायचा आणि विचारायचं, "कँटीनची आमटी कशी हाय?" दाट असेल तर शेअर घ्या. पातळ झाली की विका. मी हसते. पण बाबांनी 'पातळ' म्हटलेल्या दोन कंपन्यांनी गेल्या वर्षी डिव्हिडंड दिला नाही, हेही खरंच.

३ ऑगस्ट १९९१

पेटी आवरताना बाबांचा राखाडी कोट निघाला. डांबराच्या गोळ्यांचा वास. तासभर काही सुचलं नाही.

१९८६. कंपनीने पहिल्यांदा लोकांना शेअर विकायला काढले. कामगारांना वेगळा कोटा — दहा रुपयांचा एक, माणशी शंभरापर्यंत. लोक हसले. मालकाने दिलेला पगार परत मालकालाच द्यायचा? बाबांनी पतपेढीतून हजार रुपये उचलले आणि शंभर घेतले. त्यांचं बघून बाकीचे. बाबांच्या रंगखात्यातल्या चाळीस जणांचे फॉर्म मीच भरले, कँटीनच्या टेबलावर. शंकरकाकांचासुद्धा — तेव्हा बाबांचे हेल्पर, आता युनियनच्या कमिटीत आहेत. पुढे बोनस मिळून शंभराचे दोनशे झाले.

आणि ८७ची सभा! टपालाने कंपनीच्या वर्षाच्या हिशोबाचं पुस्तक आलं, आत सभेचं बोलावणं, वर छापील 'प्रिय भागधारक'. आमच्या बुवापाड्याच्या वस्तीत पोस्टमनने दोनदा पत्ता विचारला. बाबा उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये कोट शिवायला गेले. मापं घेताना शिंपी म्हणाला, "लडकी की शादी है?" बाबा म्हणाले, "मीटिंग है."

मी बरोबर होते. फोर्टातला हॉल, खाली गालिचा, प्रत्येकाला वेफर्स आणि बर्फीचा खोका. चेअरमननी भाषण संपवलं, कुणाला काही विचारायचंय का म्हणाले. बाबा उठले. सरळ मराठीत बोलले — "आमच्या खात्यात हात धुवायला साबण मिळत न्हाय. रंग नखांत बसतो, जेवताना पोटात जातो. कामगार म्हणून लय वेळा विचारलं. आता भागधारक म्हणून विचारतो." चेअरमननी शेजारच्याला लिहून घ्यायला सांगितलं. पुढच्या सोमवारी साबण आला. माणशी दोन वड्या.

आजोबांना गावात पाटलाच्या पायरीवर बसता येत नव्हतं. त्यांचा मुलगा गालिच्यावर उभा राहून मालकाला जाब विचारतो! त्या दिवसाइतका अभिमान मला पुढे कशाचाच वाटला नाही. माझ्या बी.कॉम.चासुद्धा नाही.

२८ मार्च १९९२

वेड लागलंय सगळ्यांना. पानवाला, रिक्षावाला, माझा दातांचा डॉक्टर — तोंडात हत्यार घालून विचारतो, "काय वाटतं सिमेंटचं?" मी काय सांगणार, आ करून!

आमचा शेअर १४०. दहाचा! खात्यातले सगळे माझ्या टेबलाभोवती. मी सांगितलं — विका. साहेबांकडची विक्रीची कागदपत्रं मीच टाइप करते, माल तेवढाच खपतोय. भाव चौदापट व्हायला झालंय काय? हवा आहे ही, विका.

संध्याकाळी चाळीस जणांची सर्टिफिकेटं घेऊन उल्हासनगरला तोलारामकडे. त्याचं स्टेशनरीचं दुकान, आणि आत पडद्यामागे फोन, शेअरचं काम. म्हणाला, "बेटी, पूरा डिपार्टमेंट उठा लायी?" शंकरकाकांच्या मुलीचं लग्न आहे मेमध्ये. आनंदाने सही केली त्यांनी.

बाबा मात्र नाही म्हणाले.

२९ मार्च १९९२

भांडण झालं. मी हिशोब मांडला — दोनशे गुणिले १४०, अठ्ठावीस हजार. बदलापूर गावाजवळ इमारत उठतेय, त्यात बुकिंग होईल. आईला संडासासाठी पहाटे रांगेत उभं राहावं लागणार नाही.

"तो शेअर इकायचा न्हाय, नीले. दुसरा कंचा पण इक."

"का पण? आमटी दाट आहे म्हणून?"

"आपुन मालक हाय थोडे. थोडे का हुईना."

मी म्हणाले, साठ लाख शेअरमधले दोनशे, बाबा. याला मालक म्हणत नाहीत. ते उठून बाहेर गेले. असं बोलायला नको होतं.

३० एप्रिल १९९२

पडला! एकाच आठवड्यात. बँकांच्या पैशांचा घोटाळा निघालाय. ज्यांनी मार्चमध्ये विकले ते माझ्यासाठी पेढे घेऊन आले. शंकरकाका माझ्या पाया पडायला वाकले — वडिलांच्या वयाचा माणूस! मला संकोचही झाला आणि, खरं लिहायचं तर, बरंही वाटलं.

आमचा शेअर ६२. बाबांना सांगितलं. "हं," म्हणाले.

१९ जानेवारी १९९३

कंपनीने यंदा डायरी दिली नाही. जुन्या डायरीच्या मागच्या पानांवर लिहितेय.

मुंबई जळतेय. गेले दहा दिवस कामावर अर्धेच लोक. तोलारामचं दुकान बंद. वांगणीच्या मावशीने निरोप धाडला, पोरीला इकडे पाठव. कशाला जायचं? अंबरनाथ आहे की शांत. संध्याकाळी पाळीचा भोंगा झाला तेव्हा एकदम लहानपण आठवलं. भोंगा वाजला की आई चहाचं आधण ठेवायची, आणि चहा गाळेपर्यंत बाबा दारात. नखं पिवळी नाहीतर निळी. कुठला रंग चालू आहे ते मी नखांवरून ओळखायची. जगात काही का होईना, तो चहा चुकला नाही.

१५ मार्च १९९३

शुक्रवारी शेअरबाजाराच्या इमारतीतच बॉम्ब फुटला. आज सोमवार. बाजार उघडला म्हणे!

तोलाराम फोनवर म्हणाला, "मार्केट का क्या भरोसा, गव्हर्नमेंट का क्या भरोसा. लेकिन लेनेवाला ले रहा है, बेटी." त्याचा पुतण्या तिथे होता. वाचला. हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं.

१८ मे १९९३



साहेबांनी दार लावून डिक्टेशन दिलं. हेड ऑफिसला पत्र. मशिनरी सिल्वासाला हलवायची — तिकडे टॅक्स माफ. इथल्या तीनशे चाळीस जणांना स्वेच्छानिवृत्ती, दिवाळीच्या आत. शॉर्टहँडमध्ये 'स्वेच्छा' लिहिताना मी थांबले. साहेबांनी विचारलं, "काय झालं?" काही नाही, म्हटलं.

मग म्हणाले, "नीलिमा, हे तुझ्या-माझ्यात. तुझं मी हेड ऑफिसला बघतो." दोन कॉप्या, कार्बन फाडून टाकला.

दुपारी कँटीनमध्ये शंकरकाकांनी माझ्या ताटात त्यांचं लिंबू ठेवलं. खाली मान घालून जेवले.

२० मे १९९३

सांगायचं कुणाला? सांगितलं तर नोकरी जाईल. माझ्या एकटीच्या पगारावर घर चालतं. आणि सांगून होणार काय? युनियन संप करील, कंपनी टाळं लावील, आहेत ते पैसेसुद्धा कोर्टात अडकतील. असं मी स्वतःला सांगते. दिवसातून दहा वेळा.

पण बाबांचे दोनशे शेअर! कारखानाच बंद होणार म्हटल्यावर त्या कागदाला विचारणार कोण? आज ४४. बातमी फुटली की दहाच्याही खाली जाईल. चोवीस वर्षं त्यांनी त्या रंगात काढली. निदान एवढं तरी मी वाचवायला हवं.

२२ मे १९९३

खोटं बोलले. म्हटलं, बदलापूरच्या बुकिंगला थोडे कमी पडतायत, पुढच्या शनिवारपर्यंतच मुदत आहे.

वाटलं, पुन्हा भांडण. बाबांनी चष्मा लावला, सर्टिफिकेटं काढली. प्लॅस्टिकच्या पिशवीत, घडी न घालता ठेवलेली. "घर तुझ्या नावाचं हुनार ना?" हो म्हटलं. "मंग घे." ट्रान्सफर फॉर्मवर सावकाश सही केली, इंग्रजीत, पूर्ण नावाने. प्रौढ वर्गात शिकलेली ती सही. मीच गिरवून घेतली होती, नववीत असताना.

तशीच तोलारामकडे गेले. सोमवारी विकून टाकतो म्हणाला.

२५ मे १९९३

गेले. ४३ ने.

११ जून १९९३

आता खरंच बुकिंग करावं लागलं! पीएफमधून उचलले, त्यात बाबांचे घातले. प्लॉटवर अजून गवत आहे. आईने त्या गवतात उभं राहून स्वयंपाकघर कुठे ते ठरवलं. बाबा मात्र सोबत आलेल्या बिल्डरच्या माणसाला विचारत होते — मजुरांना जेवण काय देता?

किती हसलो आम्ही. मला वाटलं, केलं ते बरंच केलं.

२४ ऑगस्ट १९९३

सभेचं पुस्तक यंदा आलं नाही. बाबा दोनदा पोस्टात जाऊन आले. मग त्यांच्याच ध्यानात आलं. "आता कशाला येतंय," म्हणाले आणि भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले.

६ सप्टेंबर १९९३

गेटवर नोटीस लागली. सकाळची पाळी आत गेलीच नाही. बायका आल्या, पोरं आली. कौसाबाई — कँटीनची भांडी घासते, तिचं तर हजेरीपटावर नावही नाही — मला विचारत होती, "ताई, माझं कितीचं पाकीट?" पाकीट नाही कौसाबाई, तुझं काहीच नाही. हे मी बोलले नाही.

साहेब मागच्या दाराने गेले. मीही त्यांच्याच गाडीतून.

८ सप्टेंबर १९९३

तोलारामचा ऑफिसात फोन. "बेटी, तुम्हारा शेअर देखा? ७१!"

मी म्हटलं, चुकून दुसऱ्या कंपनीचा बघितलात. कारखाना बंद होतोय आमचा.

"इसी लिये तो! लेबर गया, खर्चा गया. और जमीन? स्टेशन से दस मिनट, बावीस एकर! बिल्डर लोग लाइन लगा के खड़े हैं."

रिसीव्हर ठेवला तरी काही कळेना. इतकी वर्षं लोकांना शहाणपण शिकवलं — विक्री बघा, माल बघा, माणसं बघा. माणसं काढली की भाव चढतो, हे मला सुचलंच नाही. बाबांना तर सात जन्मांत सुचलं नसतं.

१० सप्टेंबर १९९३

९६.

खात्यात आज कुणीच नव्हतं. एकटी आत जाऊन आले. बाबांचं मशीन, नळ, नळाखालची चौकोनी साबणदाणी. बाबा सुट्टीच्या दिवशी मला खांद्यावर बसवून आणायचे, गणवेशातली माणसं "काय नीलाबाई, पगार घ्यायला आलात का?" म्हणायची. मला वाटायचं सगळा कारखाना आमचाच आहे. रडले खूप. तिथेच, नळापाशी.

१२ सप्टेंबर १९९३

रविवार. सकाळी शंकरकाका आले, बरोबर आठ-दहा जण. खोलीत मावेनात, निम्मे दारातच उभे.

शंकरकाका म्हणाले, "दादा, एकोणतीसला सभा आहे. जमीन विकायचा ठराव तिथंच येणार. आम्हाला आत घेत नाहीत, आम्ही सगळ्यांनी तेव्हाच विकले. तुम्ही एकटे राहिलात भागधारक. तुम्ही उभं राहा. साबणाच्या वेळी राहिलात तसं."

कुणीतरी म्हणालं, आता एखादा घेतला तर? मीच उत्तर दिलं, कंपनीच्या भागधारकांच्या वहीत नाव चढायला दोन महिने लागतात.

बाबांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"न्हाय राहिले माझ्याकडं. म्याच इकले. भाव उतरत हुता, भ्यालो."

एकेक जण चपला घालून गेला. शंकरकाका जाताना जय भीम म्हणाले नाहीत.

दार लावून बाबा माझ्यासमोर येऊन बसले. हळूच विचारलं,

"नीले, कारखाना बंदचं ते पत्र तू कवा टाइप केलंस?"