सात बोटं

६ जानेवारी

केलं मी! चित्रकला स्पर्धेला चौथीतल्या मुंगीच्या नावावर माझंच चित्र पाठवलं. डाव्या हातानं रंगवलं, म्हणजे पोरकट दिसावं. छपरावर बसलेला हत्ती, शेपटी खिडकीत.

मोठ्या बाईच मागे लागल्या होत्या — "सर, पोरांच्या चित्रांवर जरा हात फिरवा हो. गेल्या वर्षी एक बक्षीस नाही." जरा कशाला? म्हटलं, अख्खाच फिरवू! बघू, परीक्षकांना कळतं का.

कोरा कागद उरला नव्हता. मुंगीच्याच चित्राच्या मागच्या बाजूला काढलं, नावाची चिठ्ठी टाचणीनं लावली. तिचं चित्र म्हणजे नुसता एक हात. सात बोटं! वर्गात विचारलं होतं, "पाच असतात हे कुणी सांगितलं नाही का गं?" तर म्हणे, "टाटा करतोय सर. हलतोय ना." सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी.

९ जानेवारी

पाचवीच्या कार्ट्यांनी माझ्या खुर्चीला डिंक लावला. फालतू काम. मी त्यांच्या वयात अख्खी खुर्ची गायब करायचो.

२० जानेवारी

पहिला नंबर!! ज्या कलाशाळेनं मला प्रवेशाला दोनदा नापास केलं, तिथलेच मास्तर परीक्षक. शेवटी झालो पास — चौथीत!

ताईला सांगणार होतो. गिळलं. तिनंच हातापाया पडून ही नोकरी लावलीय. "निदान इथे तरी उद्योग करू नकोस रे बाबा."

२१ जानेवारी

मेलो. पहिल्या नंबरानं स्टेजवर तेच चित्र सगळ्यांदेखत पुन्हा काढायचं! मुंगी काढणार हात, बक्षीस हत्तीला. भर सभेत पोर चोर ठरणार.

२२ जानेवारी

शाळा सुटल्यावर तिला खरं सांगितलं. वाटलं, रडेल. "म्हणजे माझं वाईट होतं?" एवढंच विचारलं.

मी ब्रश धुवायला लागलो. म्हटलं, हत्ती शिकून घे.

३० जानेवारी

आठ दिवस घासतोय. सोंड, कान, छप्पर. आज हुबेहूब!

मग मुंगीनं स्वतःहून कोपऱ्यात एक माणूस काढला, टाटा करणारा. बोटं मोजली. पाच.

"आता बरोबर ना सर?"

शाब्बास म्हटलं. घरी जेवण गेलं नाही.

२ फेब्रुवारी

मुंगीनं हत्ती काढला. एक नंबर. परीक्षक बघतच राहिले. "बाळ, हे कुठलं? तुझं काढ ना!" आणि फ्रेमवरचा पडदा सरकवला.

हात. सात बोटं.

हत्ती कुणी बघितलाच नव्हता. तो मागे, पुठ्ठ्याकडे तोंड करून.

परीक्षकांनी तिला नवा कागद दिला. तिनं हात काढला — पाच बोटांचा. माईकवर म्हणाले, "हे चित्र हिचं नाही." बक्षीस परत. तिची आई मान खाली घालून तिला घेऊन गेली.

मी तिसऱ्या रांगेत. उठलो नाही. मुंगीनं जाताना एकदा बघितलं माझ्याकडे. बोलली नाही काही.

डायरे, तूही बोलू नकोस. पाया पडतो तुझ्या, कुणाला सांगू नकोस.