सशांचं लंघन

पंचवटी, नाशिक
श्रावण, १९७९

प्रिय इंदे,

तुझं पत्र पोचलं. त्याचं उत्तर शेवटी देते, आधी घरची बातमी. तुझ्या सशांतली कबरी मेली. तुझा बाप म्हणाला, पोरीला कळवू नकोस, सासरी रडत बसेल. म्हणून तर कळवते आहे. कापशा जिवंत आहे, पण त्यात तुझ्या बापाच्या अकलेचा वाटा नाही.

लग्न होऊन सिन्नरला जाताना तू बजावलं होतंस, सशांना रोज गवत घाला. पण तुझा बाप, आमचा चिंतामण, घाटावर यजमानांना शहाणपण वाटत फिरणार, त्याला वाकून गवत उपटायची लाज. यजमानांनी दिलेले पेढे, उरलेला भात, वड्यांचे तुकडे, सगळं सशांपुढे. वर कौतुक, बघ आई, कशी मिटक्या मारत खातात. मी म्हटलं, तूही तसाच खातोस, स्वतःचं पोट बघ एकदा.

मग व्हायचं तेच झालं. दोघांची पोटं टम्म. पाठीची कमान करून कोपऱ्यात बसायचे, दात करकर वाजवायचे. पिंजऱ्यात एक लेंडी दिसेना. गाजर नाकाशी धरलं तरी तोंड फिरवायचे. आपल्या घरात पोट बिघडलं की एकच औषध, लंघन. तुझ्या बापाने तेच फर्मावलं. त्यात एकादशी आली. म्हणाला, पोटाला विश्रांती मिळेल आणि पुण्यही लागेल. सशाला पुण्य. ते घेऊन तो कुठल्या स्वर्गात उड्या मारणार होता देव जाणे. होता नव्हता तो पाला काढून घेतला, पिंजरा धुतला, कडी लावली. द्वादशीला हा पारण्याची दुधाची वाटी घेऊन गेला तर कबरी आडवी पडलेली.

तिथेच फतकल मारून रडायला लागला. एवढा बाप्या माणूस, सोवळं नेसलेला. मी म्हटलं, रडणं नंतर कर, जो श्वास घेतोय त्याला टोपलीत घाल आणि गुरांच्या दवाखान्यात चल. रस्त्याने टोपलीवर उपरणं झाकलं होतं, कुणी विचारलं तर म्हणे फुलं आहेत. डॉक्टरांनी कापशाचं पोट चाचपलं, सुई टोचली आणि तुझ्या बापाला असं झापलं की मला बरं वाटलं. म्हणाले, सशाचं पोट रिकामं ठेवलं की बंदच पडतं, त्यात सारखं काहीतरी जात राहायला हवं, आणि तेही गवत. खात नसेल तर वाट बघत बसायचं नाही, भरवायचं.

मग पाला वाटून, पाण्यात कालवून, पिचकारीने भरवला. तुझा बाप धरायचा, मी भरवायची. कापशा मला कचकन चावला. म्हटलं चाव, चावण्याइतका जोर आला हे काय कमी. लेंड्या पडल्या त्या सकाळी चिंतामण पूजा अर्धी टाकून मला हाक मारत आला, घरात नातू झाल्यासारखा. आता रोज विळा घेऊन गवताला जातो, लोक बघतात तरी.

आता तुझं. लिहितेस, अन्नावरची वासना उडाली, पोळी बघूनच नकोसं होतं. आणि तुझ्या सासूबाईंनी त्यावर काढलेलं औषध काय, तर सोमवार, मंगळवार, शनिवार, आणि आता श्रावणभर एकवेळ भगर. का, तर लग्नाला वर्ष झालं आणि घरात पाळणा हलला नाही. त्या बाईला माझा नमस्कार सांगू नकोस. परकराची नाडी कमरेभोवती दोनदा फिरते, हे तू गंमत म्हणून लिहिलंस. मला हसू आलं नाही. तुझ्या बापाला ते वाचून दाखवलं. सवयीने म्हणाला, आपण सासरच्या गोष्टीत पडू नये, उपासाने कोणी मरत नाही. मग माझ्याकडे बघितलं आणि उठून बाहेर गेला. बराच वेळ पिंजऱ्यापाशी उभा होता. आत आला तो एसटीची वेळ विचारत. रविवारी पहिल्या गाडीने आम्ही दोघं सिन्नरला येतो. सासूबाईंना सांग, ताट वाढून ठेवा, तू आमच्या समोर पोटभर जेवायचंस. त्यांची हरकत असेल तर कपड्यांची पिशवी भरून दाराशी ठेव, संध्याकाळच्या गाडीने तू आमच्याबरोबर. तोवर हे वाचून झालं की उठ, स्वयंपाकघरात जा आणि काहीतरी तोंडात घाल. नको वाटलं तरी घाल. कुणी विचारलं तर म्हणावं, आजीने सांगितलंय, तिच्याशी भांडा.

तुझीच,
आजी