ज्यांना रांजण बंद होता

गुरुजी, तुमचा नातू परवा घरी येऊन गेला, म्हणून हे लिहावं लागतंय. तुमच्या जन्मशताब्दीची स्मरणिका निघते आहे आणि तिच्यासाठी त्याला माझ्याकडून एक पान हवं आहे. "मॅडम, आजोबांच्या हाताखाली शिकून तुम्ही एवढ्या मोठ्या झाल्या," असं म्हणत त्याने दोनदा चहा घेतला. निघताना दारात थांबून म्हणाला, "शाळेचा रांजण ते स्वतः भरत, शिपायाले हात लावू देत नसत. हे तेवढं नक्की लिहजा."

चौथीचा वर्ग. दारव्हा-दिग्रस रस्त्यापासून आत आपलं गाव. तुम्ही धोतर खोचून विहिरीवरून बादल्या आणता, रांजणात ओतता आणि तळाशी गाळ उरला का ते बघायला हात कोपरापर्यंत आत घालता. थोड्या वेळापूर्वीच लोटा घेऊन नाल्याकडे जाऊन आलेले असता. हाताला नुसती माती चोळलेली, साबण नाही. आदल्या वर्षी तुम्हाला मुदतीचा ताप आला होता. एकवीस दिवस काढून कसे उठलात, हे तुम्ही वर्गात मोठ्या अभिमानाने सांगत असा. आम्हा बौद्ध वस्तीतल्या चौघांना त्या रांजणाजवळ फिरकायची बंदी होती. तहान लागली की आम्ही वस्तीवरच्या हातपंपाकडे पळत सुटायचो. दुष्काळानंतर खोल बोअर मारून बसवलेला पंप होता तो.

त्या पावसाळ्याच्या अखेरीस वर्गातली मुलं एकेक करून तापाने पडली. सात जण पडले, त्यातले दोघे परत आले नाहीत. आम्हा चौघांना काही झालं नाही, आणि तुम्हाला तेवढं पुरलं. सगळ्यांसमोर उभं करून तुम्ही विचारलंत, "काहून रे, तुमालेच कसं काही झालं नाही? काय टाकलं रांजणात?" मी दहा वर्षांची होते. पुढचा महिनाभर आम्ही वर्गाबाहेर ओसरीवर बसून शिकलो. गावाने तुमचा शब्द उचलला आणि त्या हंगामात माझ्या आईला कोणी निंदणाला बोलावलं नाही. ती दाद मागायला तुमच्या अंगणात उन्हात उभी राहिली. तुम्ही खाटेवरून उठलासुद्धा नाहीत. घरी येऊन मला म्हणाली, "शाळा सोडाची नाही. त्याले कायले भेतं? शिक, अन् मंग त्यालेच विचार."

शिकले. बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सूक्ष्मजीवशास्त्राच्या तासाला बाई सांगत होत्या की मुदतीच्या तापातून, म्हणजे टायफॉइडमधून, उठलेला एखादा माणूस धडधाकट दिसतो, पण जंतू त्याच्या पित्ताशयात वर्षानुवर्षं राहतात आणि विष्ठेतून बाहेर पडतात. हात नीट न धुता त्याने पाण्याला किंवा अन्नाला हात लावला की झालं. त्या तासाला मी वहीत एक ओळ लिहिली नाही. दिवाळीच्या सुटीत एसटीने थेट गावी आले, तुम्हाला विचारायला. तुमचं तेरावं आठवड्यापूर्वीच होऊन गेलं होतं. मला दुःख झालं नाही. तुम्ही सुटलात याचा संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही.

पुढे तीस वर्षं मी पाणी तपासलं. नमुना हातात नसताना कधी निकाल लिहिला नाही. तुमचा नमुना आता मिळायचा नाही, म्हणून नातवाला दिलेल्या पानावरही निकाल लिहिलेला नाही. फक्त जे पाहिलं ते मांडलं आहे. कोणीही वाचलं तर त्याचं त्याला कळेल.

एक गोष्ट तुम्हालाच सांगते, कारण ती ऐकणारं दुसरं कोणी उरलं नाही. गेलेल्या दोघांत किराणा दुकानदाराची मुलगी होती, माझ्या बरोबरीची. ताप यायच्या आधी आठ दिवस ती रोज माझ्या मागे लागली होती, "मी बी येतो ना पंपावर. तिथलं पाणी थंडं लागते म्हणते." मी रोज एकच सांगितलं, "तुमचा रांजण हाय ना? त्यातलंच पी." तिला अडवताना मला फार बरं वाटायचं.

हे पत्र कपाटात राहील. नातवाला आज सकाळी जे दिलं ते असं: एक पान, पाठपोट नाही. रांजण कोण भरत असे, हात कुठपर्यंत बुडत असे, आदल्या वर्षी कोणाला ताप आला होता, त्या साली कोण पडलं आणि कोण वाचलं. खाली माझं पूर्ण नाव, हुद्दा, सही. त्याने उभ्यानेच वाचलं. "मॅडम, हे आजोबांवरच आहे ना?" "त्यांच्यावरच आहे. एक अक्षर बदलायचं नाही." "हे आमच्या मायच्या हाती पडन." "पडू दे," म्हटलं, आणि पान मिळाल्याची त्याची सही घेतली. पंपाचं वाक्य त्या पानात नाही.